आवाज आपला, कुलूप त्यांचं

आमच्या वस्तीत एक आजी होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती नागपूरला होती. काखेत पोर, पदराला बांधलेली भाकर, अंगावर धुऊन धुऊन पांढरं केलेलं लुगडं. त्या दिवसावर पुस्तकं झाली, भाषणं झाली, त्यावर कैक पुढाऱ्यांची पोटं भरली. पण गाडीत उभं राहून पाय कसे सुजले, घरी आल्यावर देव्हाऱ्यातले देव कुठल्या ओढ्यात टाकले, टाकताना सासूचा हात कसा थरथरला, हे कुठल्या पुस्तकात नाही. ते आजीच्या गळ्यात होतं.

२००६ साली आम्ही तिघांनी वर्गणी काढून आवाज टिपायचा एक छोटा रेकॉर्डर घेतला. पाच दुपारी तिच्यासमोर बसलो. आजी बोलली. मधेच रडली, मधेच ओव्या म्हणाली, मधेच आम्हाला शिव्या घातल्या, "मेल्यांनो, चहा तरी प्या." पाच दुपारींच्या पाच फायली झाल्या. आम्हाला वाटलं, झालं. इतिहास खिशात आला.

२००९ ला आजी गेली. २०१९ ला भीमजयंतीत तिचा आवाज वस्तीला ऐकवायचा म्हणून फायली काढल्या. उघडेनात. रेकॉर्डरनं आवाज आपल्या खास फॉरमॅटात कोंडला होता. तो उघडणारा प्रोग्राम फक्त त्याच कंपनीचा. जुन्या संगणकावर चालायचा, नव्यावर चालेना, आणि कंपनीनं तो कधीच टाकून दिलेला. कंपनीचं नाव मी घेत नाही. एकीचं नाव घ्यावं तर बाकीच्या साळसूद ठरतात, आणि ही एकीची चूक नाही, सगळ्या धंद्याचीच रीत आहे. शेवटी वस्तीतल्या एका पोरानं मुक्त सॉफ्टवेअरातला एक प्रोग्राम लावून रात्रभर खटपट केली, तेव्हा दोन फायली बोलल्या. उरलेल्या तिन्हींना आणखी एक कुलूप होतं. त्या तीन दुपारी आजही माझ्या कपाटात आहेत. आत आजी बोलतेय. बाहेर काही ऐकू येत नाही.

हे संपादकीय त्या तीन दुपारींसाठी आहे.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? मशीन बिघडतं, सीडी खरवडते. नाही दोस्तांनो. इथं काहीच खरवडलेलं नाही. शब्द न् शब्द शाबूत आहे. फक्त ऐकण्याचा हक्क दुसऱ्याच्या खिशात आहे. सरकारी दप्तरांत मोडीचे रुमाल पडून आहेत. मोडी वाचणारे थोडे उरले. पण मोडीला मालक नाही. मनावर घेतलं तर कुणीही शिकेल. बंद फॉरमॅट म्हणजे अशी मोडी की जिची बाराखडी तिजोरीत आहे, आणि ती तुम्ही स्वतःच्या डोक्यानं सोडवायला बसलात तर वकिलाची नोटीस यायची. अक्षर कुणी शिकावं आणि कुणी शिकू नये हे ठरवणारी माणसं आपल्याला नवी नाहीत.

पण आताच एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. एखादी फाइल न उघडणं आणि विहिरीवरून हाकलून देणं या दोन गोष्टी मी एका तराजूत घालत नाही. फाइल उघडली नाही म्हणून कुणाचं घर जळालं नाही, कुणाची बोटं छाटली गेली नाहीत. जातीचं दुःख उसनं घेऊन संगणकाच्या दुकानावर पाटी रंगवणाऱ्यांतला मी नाही. मी एवढंच म्हणतो की ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मालकी नावाची चीज अंगावर सोसली, त्यांना मालकीचा नवा अवतार लवकर ओळखता आला पाहिजे. आपण तो ओळखत नाही. उलट त्याच्या दारात रांग लावतो.

आता फ्लॅशची गोष्ट ऐका. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून वाढलेल्या पोरांना फ्लॅश माहीत आहे. १९९६ चा हा माल. मॅक्रोमीडिया नावाच्या कंपनीनं वाढवला. २००५ मध्ये ती कंपनीच अ‍ॅडोबीनं गिळली. त्या काळात वेबवर जे हलतं, बोलतं, नाचतं ते बरंचसं फ्लॅशमधून. यूट्यूब २००५ ला सुरू झालं तेही फ्लॅशवरच. प्लेअर फुकट मिळायचा. आणि फुकट मिळालं की आपण पुढचा प्रश्न विचारत नाही.

प्रश्न असा होता. फ्लॅशच्या फाइलची रचना सांगणारा कागद कंपनी देत होती, पण अटीवर. या कागदावरून तुम्ही फ्लॅश फायली तयार करणारं सॉफ्टवेअर बनवा. फायली चालवणारा प्लेअर मात्र बनवायचा नाही. म्हणजे लिहा तुम्ही कितीही, वाचायचं मात्र आमच्याच डोळ्यांनी. मे २००८ पर्यंत ही अट होती. जगभरची माणसं आपलं काम, आपली चित्रं, आपली गाणी त्या कोठारात नेऊन ओतत होती, आणि कोठाराचं दार आतून बाहेर पाहायला एकच खिडकी होती.

या खिडकीला दुसरी खिडकी पाडायला काही माणसं उठली. २००५ च्या अखेरीस ग्नू प्रकल्पातून 'ग्नॅश' नावाचा मुक्त प्लेअर सुरू झाला. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं तो आपल्या अग्रक्रमाच्या कामांत धरला. त्यांची शिस्त बघण्यासारखी होती. ज्यानं कंपनीचा प्लेअर आपल्या संगणकात बसवून तिचा करार मान्य केलाय त्यानं ग्नॅशच्या कोडाला हात लावायचा नाही, कारण त्या करारातच आतलं उकलून बघायला मनाई. मग काय करायचं? फाइल समोर ठेवायची, तिची वागणूक बघायची आणि आतलं यंत्र डोक्यानं ताडायचं. भिंतीला कान लावून घराचा नकाशा काढायचा तसं.

ग्नॅश जिंकलं का? खोटं सांगणार नाही. नाही जिंकलं. जुन्या फायली चालत, नव्या अडखळत. इकडे हे चार लोक एक खोली उभी करतात तोवर तिकडे कंपनी दोन मजले चढवते. वरून जग हसायचं, फुकट प्लेअर हातात असताना हा उपद्व्याप कशाला?

उत्तर १२ वर्षांनी आलं. जुलै २०१७ मध्ये अ‍ॅडोबीनं जाहीर केलं की फ्लॅश बंद. ३१ डिसेंबर २०२० ला पाठबळ संपलं, आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो प्लेअरच फायली चालवायला नकार देऊ लागला. नीट समजून घ्या. संगणक तुमचा, फाइल तुमची, विजेचं बिल तुमचं, आणि प्लेअर म्हणतो, आता नाही. दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याचे काही अर्ज फ्लॅशमध्येच होते. त्यांना ते भरून घेण्यासाठी २०२१ च्या जानेवारीत स्वतःचा खास ब्राउझर काढावा लागला. एका सरकारची ही गत, तर तुमच्या-माझ्या मंडळाच्या सीडीची काय असेल?

फ्लॅश मेलं याचं मला सुतक नाही. त्यात सुरक्षेची भोकं होती, ते मोबाइलवर धड चाललं नाही, जायलाच हवं होतं. माझं म्हणणं मरणाबद्दल नाही, मयतीबद्दल आहे. मालकाबरोबर मालकाच्या घरातलं सगळं जाळायचं हा कुठला न्याय? त्या आगीतून जे वाचलं ते मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी वाचवलं. 'रफल' नावाचा मुक्त प्लेअर आला. नोव्हेंबर २०२० मध्ये इंटरनेट आर्काइव्हनं त्याच्या जोरावर जुनी फ्लॅश कार्टूनं आणि खेळ जतन करायला घेतले, आणि ती ब्राउझरात पुन्हा हलू लागली. ज्यांना जग हसलं त्यांच्याच जातकुळीची माणसं मढं उचलायला आली.

आता दुसरी लढाई. फ्लॅश नको तर काय? ब्राउझरातच व्हिडिओ चालावा, मधला दलाल नकोच. एचटीएमएल ५ मध्ये त्याची सोय आली. पण व्हिडिओ कोणत्या फॉरमॅटात? २००७ च्या मसुद्यात लिहिलं होतं की ब्राउझरांनी ऑग थिओरा आणि ऑग व्हॉर्बिस चालवावेत. हे दोन्ही मुक्त. व्हॉर्बिसचा जन्मच रागातून झालेला. १९९८ मध्ये फ्राउनहोफर संस्थेनं एमपी३ साठी परवान्याचे पैसे मागणार म्हणून कळवलं आणि काही लोकांनी पैसे न मागणारा फॉरमॅट रचायला घेतला. २००२ मध्ये तो पुरा झाला. थिओरा हा एका कंपनीनं जगाला देऊन टाकलेल्या व्हीपी३ वर उभा राहिला, २००८ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. मग त्या मसुद्याचं काय झालं? नोकिया आणि अ‍ॅपलनं हरकत घेतली, आणि डिसेंबर २००७ मध्ये ती ओळ मसुद्यातून काढून टाकली गेली. एक ओळ. पण त्या ओळीपायी पुढची कित्येक वर्षं वेबवरच्या व्हिडिओला एक सर्वांचा असा पाणवठा राहिला नाही.

एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहिलं की फ्लॅश बंदिस्त आहे, एकाच कंपनीच्या मुठीत आहे. शंभर टक्के खरं. पण त्याच पत्रात ते ज्या एच.२६४ ची भलामण करत होते त्याच्यावर पेटंटांचं जाळं होतं आणि ते जाळं सांभाळायला एमपीईजी एलए नावाची कंपनी बसलेली होती. एच.२६४ ची प्रमाणकं सगळ्यांना वाचायला खुली. पण त्यावरून प्लेअर करून वाटलात तर पेटंटवाले दारात. कागदावर खुलं, व्यवहारात बंद. आपल्याला हा प्रकार पाठ आहे. १९२३ मध्ये बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तळं खुलं असल्याचा ठराव केला, आणि तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन पाण्यापर्यंत चालत जावं लागलं. ठराव पाणी पाजत नाही.

आपल्याकडे या पेटंटांचं काय? भारताच्या पेटंट कायद्यात कलम ३(के) आहे. नुसत्या संगणक प्रोग्रामाला ते पेटंट देत नाही. २००४ च्या डिसेंबरात अध्यादेश काढून या कलमाला भोक पाडायचा घाट घातला गेला. विरोध झाला. २००५ मध्ये संसदेनं कायदा केला तेव्हा ती तरतूद गळाली. किती जणांना हे माहीत आहे? आरक्षणाचा जीआर बदलला तर आपण रस्त्यावर येतो, आणि आलंच पाहिजे. पण ज्ञानावर कुंपण घालणारा कायदा मागच्या दारानं येतो तेव्हा आपण घरी असतो.

मग व्हिडिओचं पाणी मिळालं कसं? इथं मी मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची आरती ओवाळणार नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये गूगलनं ऑन२ कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिचा व्हीपी८ वेबएम या नावानं मुक्त केला. २०१५ मध्ये अ‍ॅमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला, नेटफ्लिक्स अशा सात जणांनी एक आघाडी केली आणि २०१८ मध्ये एव्ही१ आणला. रॉयल्टीविना. का? त्यांना बोधी प्राप्त झाली म्हणून? छे. पेटंटवाल्यांना पैसे द्यायचे नव्हते म्हणून. भांडवल भांडवलाशी भांडलं आणि त्या भांडणात बांध फुटून थोडं पाणी आपल्या शेतात आलं. पाणी प्यावं. पण बांध फोडणाऱ्याच्या पाया पडू नये. उद्या त्याचा हिशेब बदलला तर तोच बांध पुन्हा घालील.

पुरावा हवा? २०१७ घ्या. वेबची प्रमाणकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं ईएमई नावाची सोय वेबच्या प्रमाणकांत बसवली. अर्थ असा, की व्हिडिओला कुलूप लावायचं, आणि किल्ली ब्राउझरातल्या बंद पेटीत ठेवायची, जी उघडून बघायची तुम्हाला मुभा नाही. मतदान झालं. बाजूनं ५८.४ टक्के. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं निषेध म्हणून संस्थेचा राजीनामा दिला. म्हणजे फ्लॅश गेलं, पण फ्लॅशच्या आत जो मालक बसला होता तो तिथून उठून थेट ब्राउझरात येऊन बसला. घर बदललं, मालक तोच.

आता आपल्या पोरांचं बोलणं ऐकू. पहिलं म्हणणं: "दादा, आम्ही कुठं पैसे देतो? सगळं क्रॅक मारून वापरतो. फुकटच आहे की." इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोन्हींना एकच शब्द असल्यानं त्यांचा घोळ होतो. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत आणि त्यांच्यात दरी आहे. फुकट म्हणजे मालकाचं लक्ष नसताना मिळालेलं. मुक्त म्हणजे मालकच नसलेलं. मुक्त सॉफ्टवेअरात चार हक्क आहेत: हव्या त्या कामाला वापरण्याचा, आत कसं चालतं ते बघून बदलण्याचा, दुसऱ्याला देण्याचा, आणि आपण केलेला बदल सगळ्यांना वाटण्याचा. क्रॅक मारलेल्या सॉफ्टवेअरात यातला एकही हक्क नाही. त्याच्या फायली त्याच बंद फॉरमॅटात, त्याच मालकाच्या मर्जीवर. क्रॅक मारणारा स्वतःला बंडखोर समजतो. खरं तर तो मालकाला फुकटात गिऱ्हाईक तयार करून देतो. रात्री वाड्याच्या मागच्या दारानं उरलंसुरलं आणायचं आणि बंड केलं म्हणायचं, याला काय अर्थ आहे?

दुसरं म्हणणं जास्त खरं आहे आणि जास्त टोचतं. "पोटाला भाकर नाही, हाताला काम नाही, गावात अजून वरात अडवतात, गटारात माणसं मरतात, आणि संपादकसाहेब कोडेकवर लिहितात!" बरोबर आहे. शिव्या खायला मी तयार आहे. पण एक सांगा. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला तेव्हा भाकरीचा प्रश्न सुटला होता का? 'केसरी'नं 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केले तरी छापली नाही. तेव्हा बाबासाहेबांनी असं म्हटलं नाही की आधी भाकर, मग पत्र. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले आणि पत्र उभं राहिलं. पुढं 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत', आणि स्वतःचा छापखाना. का? दुसऱ्याच्या छापखान्यात आपलं दुःख छापायचं की नाही हे दुसरा ठरवतो म्हणून. आपल्या आधीच्या पिढीनं सायक्लोस्टाइलवर शाईनं हात काळे करून अनियतकालिकं काढली तीही याच कारणानं. ते मशीन त्यांना उघडता येत होतं, अडलं तर दुरुस्त करता येत होतं. आज आपल्या हातात त्याहून हजारपट ताकदीचं यंत्र आहे आणि त्याचा एक स्क्रूसुद्धा आपल्या मालकीचा नाही.

आणि आपला इतिहास तर सगळा आवाजातच आहे. लिहिणारे त्यांचे होते, गाणारे आपले. वामनदादा कर्डकांसारख्या शाहिराची गाणी वह्यांत आणि लोकांच्या गळ्यांत राहिली. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात कॅसेटी विकल्या जायच्या, मग सीडी, मग मोबाइलमध्ये गाणी भरून देणारा पोऱ्या. प्रत्येक वळणावर काही गाणी मागं राहिली. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबार झाला, १० माणसं मेली, आणि विलास घोगरे या शाहिरानं जीव दिला. त्या सगळ्याचं चित्रण १४ वर्षं सांभाळलं, वाढवलं, म्हणून २०११ मध्ये आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' झाला. ते चित्रण मधेच कुठल्या बंद पेटीत अडकलं असतं तर? आजचे आपले मोर्चे, आपल्यावर पडलेल्या लाठ्या, साक्षीदारांचे जबाब, सगळं मोबाइलच्या व्हिडिओत आहे. २०४० मध्ये ते उघडेल याची हमी कुणी दिली आहे? खटले वीस-वीस वर्षं चालतात. फॉरमॅट तेवढा जगतो का?

आता मुक्तवाल्यांनाही दोन शब्द. तुमचं तत्त्व आम्हाला पटतं. पण तुमच्या सभेत मी गेलो आहे. तिथं ज्ञानाच्या मुक्तीवर दोन तास बोलणं झालं. जातीचं नाव काढलं तेव्हा एक जण म्हणाला, "इथं कोड बघतात, जात नाही." मी आजूबाजूला पाहिलं. आडनावं वाचली. वा रे वा! कोडाला जात नसेल, पण ज्याला शाळेत संगणकाला हात लावायला मिळाला आणि ज्याला खिडकीतून बघावं लागलं, त्यांच्यात जात होती. मुक्त सॉफ्टवेअरचा कागद इंग्रजीत, चर्चा इंग्रजीत, आणि नवख्यानं चुकीचा प्रश्न विचारला की हशा. दार उघडं ठेवलंय म्हणता, पण उंबरठा कंबरेएवढा आहे. तो उतरवा. आम्ही मदत करू, पण आभार मानणार नाही.

तरी त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर. २००२ मध्ये त्याची कंपनी बुडाली. तेव्हा लोकांनी वर्गणी काढली, सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले आणि कोड सावकाराच्या तावडीतून सोडवला. १३ ऑक्टोबर २००२ ला तो जगाचा झाला. वर्गणी आपल्याला कुणी शिकवायला नको. डीजेच्या भिंतींना आपली पोरं लाखो रुपये गोळा करतात. व्हीएलसी प्लेअर पॅरिसच्या एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केला आणि २००१ मध्ये मुक्त परवान्यावर दिला. आज तो आपल्या प्रत्येक सायबरवाल्याकडे आहे. पण २०२२ मध्ये त्याचं संकेतस्थळ आपल्या सरकारनं बंद केलं होतं. ना कारण सांगितलं, ना नोटीस दिली. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं कायदेशीर नोटीस गेली तेव्हा नोव्हेंबरात ते पुन्हा उघडलं. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर असूनही रस्ता सरकारच्या ताब्यात असतो, हे विसरू नका.

तसंच फॉरमॅट मुक्त असूनही मैदान दुसऱ्याचं असतं. आपली सगळी भीमगीतं, सगळी भाषणं आपण परक्या कंपन्यांच्या मैदानावर नेऊन ठेवली आहेत. तिथं एका रात्रीत खातं उडतं आणि दाद मागायला माणूस भेटत नाही. ते मैदान सोडा असं मी म्हणत नाही. गर्दी तिथं आहे, तर आपण तिथं बोललंच पाहिजे. पण चौकात सभा घेणाऱ्याला चौक आपला वाटायला लागला की संपलं. सभा चौकात घ्या, दप्तर घरी ठेवा. फ्रान्सच्या फ्रामासॉफ्ट संस्थेनं पीअरट्यूब नावाचं मुक्त सॉफ्टवेअर केलंय, २०१८ पासून ते वापरात आहे. त्यात छोट्या संघटना आपापला व्हिडिओचा सर्व्हर चालवतात आणि एकमेकांशी जोडून घेतात. आपल्या वाचनालयांनी, विहारांनी असं काही का करू नये? चार शहरांतली चार मंडळं एकत्र आली तर होतं. अवघड आहे, पण तळ्यापर्यंत चालत जाण्याइतकं अवघड नाही.

तेव्हा फार तत्त्वज्ञान न सांगता कामं सांगतो.

घरातल्या, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांपुढं या महिन्यात बसा. पुढच्या नाही. फोनवर टिपलंत तरी चालेल, पण त्याच दिवशी आवाजाची एक प्रत फ्लॅक किंवा ओपसमध्ये करून ठेवा. दोन्ही मुक्त आहेत, दोन्हींची रचना छापील प्रमाणक म्हणून जगापुढं आहे. उद्या एकही कंपनी उरली नाही तरी तो कागद वाचून कुणी ना कुणी प्लेअर लिहू शकेल. व्हिडिओची एक प्रत वेबएममध्ये. काटछाट ऑडॅसिटीत आणि केडेनलाइव्हमध्ये करा. चालतात, मी वापरतो, पहिले आठ दिवस डोकं फिरतं, मग बसतं. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, तीन वेगळ्या घरांत. त्यातलं एक घर दुसऱ्या गावात. मूळ फाइल कधी पुसू नका. फाइलच्या नावात तारीख, गाव आणि माणूस लिहा. आणि रेकॉर्डर घ्यायचा असेल तर दुकानदाराला बॅटरी किती चालते याच्या आधी विचारा की फाइल कोणत्या फॉरमॅटात निघते. तो गोंधळेल. गोंधळू द्या.

आम्ही हे तेव्हा विचारलं नाही. कंपनीनं आम्हाला फसवलं असं म्हणून मी सुटू शकत नाही. खोक्यावर बारीक अक्षरात सगळं लिहिलं होतं. आम्ही शिकलेली पोरं, आजीला अक्षर येत नव्हतं, आणि तिचा आवाज अडकवला आम्ही.

परवा ते पोरगं पुन्हा आलं होतं. म्हणालं, "दादा, त्या तीन फायली द्या, परत बघतो." मी दिल्या. उघडतील का माहीत नाही. ज्या दोन उघडल्या त्यांतल्या एकीत आजी शेवटी विचारते, "टिपलं का रे सगळं?" आणि माझाच आवाज येतो, "हो आजी, सगळं."

जय भीम.

— संपादक